मुद्दाम सापडायचं नाही

मागच्या दिवाळीत आमच्या सोसायटीने मधुकर चेऊलकरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. आमच्याकडे ज्याचं काम काढून घ्यायचं असतं त्याचा आधी सत्कार करतात. मग त्याला तक्रार करायला तोंड राहत नाही. त्या कमिटीत मी होते, ठरावाला अनुमोदन माझंच होतं. तेव्हा पुढे काकांबद्दल जे चांगलं येईल ते खरं आहे, आणि माझ्याबद्दल जे वाईट येईल तेही खरं आहे.

काका मुलुंडमधल्याच एका छोट्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटबोल्टांच्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणूस गोड अजिबात नव्हता. जिन्यात भेटले तर हसत नसत, मुलांचे गालबिल ओढत नसत, ‘कितवीत आहेस बाळा’ वगैरे तर कधीच विचारत नसत. आणि तरी वीस वर्षं, दर दिवाळीत, सुखशांती सोसायटीतली पाच ते पंधरा वयाची सगळी पोरं पाच दिवस या माणसाच्या मुठीत असायची.

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे, आणि थोडं माझ्यामुळे.

जान्हवी त्यांची एकुलती एक. तिला सगळं उशिरा यायचं. चालली उशिरा, बोलली उशिरा, आणि दुसरीनंतर शाळेने हात वर केले. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमच्या तीन मजली बिल्डिंगच्या आवारात संध्याकाळी पंधरा-वीस मुलं खेळायची आणि त्यात जान्हवी असायची, लिंबूटिंबू म्हणून. धाकटी भावंडं खेळात घ्यावीच लागतात, नाहीतर रडून घर डोक्यावर घेतात, म्हणून त्यांना लिंबूटिंबू करायची रीत. लिंबूटिंबूने पळायचं, ओरडायचं, पण त्याला कोणी पकडायचं नाही, आणि चुकून पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. चार वर्षांचं पोर त्यात खूश असतं. वर्ष-दोन वर्षांत मोठं होतं आणि बरोबरीने खेळायला लागतं. जान्हवी नऊ वर्षांची झाली तरी लिंबूटिंबूच होती. आम्ही सुटायला हात पुढे करायचो तेव्हा तीही करायची, आणि तिचा हात आम्ही मोजायचोच नाही.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि आवारात माझा शब्द चालायचा. दिवाळीची सुट्टी लागली होती. एका संध्याकाळी जान्हवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“दिपाली, माझ्यावर राज्य दे.”

“तुझ्यावर नाही येत गं. तू लिंबूटिंबू आहेस ना?”

ती रडली नाही. पंपाच्या खोलीपाशी जाऊन बसली आणि उठेचना. आम्ही खेळत राहिलो. काका कारखान्यातून आले, पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ उकिडवे बसले. ती म्हणाली, “बाबा, मला कुणी पकडत नाही.” काकांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. आता वाट लागली असं आम्हाला वाटलं. पण ते तिला घेऊन वर गेले.

भाऊबीजेच्या रात्री पंपाच्या खोलीच्या दारावर एक कागद लागला. कारखान्यातल्या चिठ्ठ्यांवर असायचं तसं सरळ, ठसठशीत अक्षर: ‘टपालखातं. उद्या सकाळी सात. वय पाच ते पंधरा. लिंबूटिंबू कोणी नाही.’

त्या पाच दिवसांत आमचं आवार म्हणजे टपालखातं झालं. खोक्यांच्या पेट्या, खडूने आखलेली गावं, रबरी शिक्के. पाच-पाच जणांचा गट, आणि गटात एक मोठा, दोन मधले, दोन बारके असलेच पाहिजेत. पत्ता वाचायचा मोठ्याने, पण मोठ्याने खडूच्या गोलाबाहेर पाय टाकायचा नाही. पत्र पोचवायचं बारक्याने, ज्याला वाचता येत नाही. मधल्यांनी त्याला रस्ता सांगायचा. आणि वाटेत दरोडेखोर, म्हणजे ज्याच्यावर राज्य आहे तो. त्याने पकडलं की पकडला गेलेला दरोडेखोर, मग तो पाच वर्षांचा असो की पंधरा. गट पोचला कधी म्हणायचं, तर त्यातला सगळ्यात लहान पोचला की. मोठ्या मुलांनी पहिल्या दिवशी तोंडं वाकडी केली. दुसऱ्या दिवशी तीच मुलं बारक्यांना खांद्यावर बसवून आवाराचा सराव देत होती.

पण पाच वर्षांच्या पोरावर राज्य आलं तर त्याने पंधरा वर्षांच्या घोड्याला पकडायचं कसं? काकांचं त्यावर उत्तर होतं. बारक्यावर राज्य आलं की बाकी सगळ्यांनी लंगडी घालायची. जान्हवीवर राज्य आलं तरीही लंगडी. मी विचारलं, “ती काय बारकी आहे का?” काका म्हणाले, “नाही. तुम्ही जास्त पळता. लहानाचं राज्य काढून नाही घ्यायचं, मोठ्याचं ओझं वाढवायचं.” हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे कळलं तेव्हा मी ते विसरले होते.

दुसरा नियम त्याहून कडक होता. मुद्दाम सापडायचं नाही. कोणी बारक्यावर किंवा जान्हवीवर दया करून सापडला, तर त्याने उरलेला दिवस बाहेर बसायचं. काकांना ते बरोबर ओळखता यायचं. माल आत येताना कुठला डागी आहे हे हाताला कळतं, तसं काहीतरी असावं.

तिसऱ्या दिवशी जान्हवीवर पहिल्यांदा राज्य आलं. आम्ही लंगडी घालत पळालो. ती सगळ्यांना सोडून माझ्याच मागे लागली. मी बदामाच्या झाडाला वळसा घातला, माझा तोल गेला, आणि तिने दोन्ही हातांनी माझा फ्रॉक धरला. धरला तो सोडेचना. काका आले. “मुद्दाम सापडलीस?”

“नाही.” खरंच नव्हते. माझे गुडघे फुटले होते.

“मग ठीक,” म्हणाले, “आता तुझ्यावर राज्य.” जान्हवी सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत पळत सुटली, “दिपालीवर राज्य! दिपालीवर राज्य!” वरून पद्मजाकाकू, तिची आई, गॅलरीत उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

मग दर वर्षी नवा कागद लागत गेला. एका दिवाळीत बंदर, एका दिवाळीत आठवडी बाजार, एका दिवाळीत वेधशाळा. त्या वर्षी बारके ढग झाले होते आणि मोठ्यांना छत्र्या उघडायची बंदी होती. एक बाप कॅमेरा घेऊन मध्येच घुसला, त्याला काकांनी ‘फोटो लग्नात काढा, इथे माणसं कामात आहेत’ म्हणून हाकललं. आम्ही मोठे झालो, खेळातून बाहेर पडलो. जान्हवी नाही पडली. ती वीस वर्षांची झाली, पंचवीसची झाली, आणि सात-आठ वर्षांची नवी पोरं तिला तशीच पकडायची, तिच्यावर राज्य आलं की तशीच लंगडी घालायची. नियम म्हणजे नियम. ‘ही एवढी मोठी बाई आमच्यात का’ असं कुणी विचारलं नाही. वर्षातले तीनशेसाठ दिवस तिला सगळे सांभाळून घ्यायचे, आणि पाच दिवस ती खेळात असायची.

मग बिल्डिंग पाडली. आम्ही सगळे भाड्याच्या घरांत विखुरलो. काका नाहूरला गेले. तिथे दुसऱ्या वर्षी पद्मजाकाकू गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा काका म्हणाले, “दर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ही सकाळी सातला बूट घालून बसते. खेळ कधी म्हणते. मी म्हणतो, बिल्डिंग झाली की.” मग म्हणाले, “आता मी अठ्ठ्याहत्तरचा आहे गं. तिला हे एकच मागता येतं.”

चार वर्षांनी बिल्डिंग झाली. बावीस मजले, नाव ‘सुखशांती ऑरा’. आवार गेलं, त्याच्या जागी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर पोडियम आला, हिरवं प्लॅस्टिकचं गवत आणि चहूबाजूंना कॅमेरे. पंपाची खोली तळघरात गेली, तिच्या दाराला आता कुलूप असतं. जुनी बिऱ्हाडं चोवीस, नवी साठच्या वर. माझा मुलगा ओजस आठ वर्षांचा आहे. त्याला अजून शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाचं नाव माहीत नाही, तरी दोघे एकाच बसने शाळेत जातात.

दिवाळीआधी कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी निमेश, आमच्याच जुन्या बिल्डिंगमधला. टपालखात्यात हा मधला होता आणि रस्ता नेहमी चुकीचा सांगायचा. त्याने ठराव मांडला की मुलांसाठी एका इव्हेंट कंपनीला बोलवायचं. वयाप्रमाणे तीन गट, तीन रंगांचे हातपट्टे, जादूगार, टॅटू, रिटर्न गिफ्ट. काका निमंत्रण नसताना आले होते. खुर्चीवर बसले नाहीत.

“मला पोडियम नको,” ते म्हणाले. “रॅम्पच्या मागची जागा द्या. पाच दिवस नको, दोन दिवस द्या. खर्च काही नाही. फक्त मुलं सगळ्या वयांची एकत्र हवीत.”

निमेश मऊ आवाजात म्हणाला, “काका, रिस्पेक्ट आहे, पण आता असं नाही चालत ना. मोठ्या मुलाने छोट्याला धक्का मारला, लागलं, तर पेरेंट्स कमिटीला धरणार. एज ग्रुप लागतातच यार.”

“वीस वर्षांत किती जणांना लागलं, सांग.”

“ते सोडा ना काका.”

मग कुणीतरी सुचवलं, काकांचा सत्कार करू आणि अर्धा तास देऊ, ‘पारंपरिक खेळ’ म्हणून. सगळ्यांना ते फार आवडलं. काकांचा खेळ पारंपरिक कधीच नव्हता, तो त्यांनी स्वतः डोकं चालवून बनवला होता. मला हे माहीत होतं. मी हात वर केला आणि अनुमोदन दिलं. अगदीच काही नाही त्यापेक्षा अर्धा तास बरा, असं मी स्वतःला सांगितलं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “अर्धा तर अर्धा. तिला सांगतो.”

पुढचे पंधरा दिवस ते पार्किंगमध्ये त्यांच्या जागेत, त्यांच्याकडे गाडी नव्हतीच, नव्या फ्रिजची आणि टीव्हींची खोकी कापत बसले होते. बंदर करत होते. जान्हवी पस्तीस वर्षांची, केसांत दोन-चार पांढरे, शेजारी मांडी घालून खोक्यांना निळा रंग फासायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, “खेळ आहे. माझ्यावर पण राज्य येणार.” ऑफिसला जाताना मी रोज ऐकायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी ओजसला समजावलं. आई म्हणून समजावलं, प्रेमाने. “उद्या जान्हवीमावशी पण खेळेल. तिला सांभाळून घ्यायचं हं. तिला पकडायचं नाही, आउट नाही करायचं. ती बिचारी लिंबूटिंबू आहे.” त्याने विचारलं लिंबूटिंबू म्हणजे काय. त्याला ठाऊकच नव्हतं. आमच्या सोसायटीत तो शब्द वीस वर्षं कुणी उच्चारला नव्हता. मी त्याला नीट अर्थ सांगितला.

सत्कार झाला. निमेशने भाषणात ‘आमचं सुवर्ण बालपण’ असं दोनदा म्हटलं. मग जादूगार लांबला, टॅटूची रांग लांबली, आणि काकांच्या अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं झाली. कानाला माइक लावलेली इव्हेंटवाली मुलगी लगबगीने आली. “अंकल, आपण सिंपल पकडापकडी घेऊ या. बॉक्सेस मांडायला टाइम नाहीये. आणि फक्त पिवळ्या पट्ट्यावाले, सहा ते नऊ.”

“मुलं मिसळावी लागतील,” काका म्हणाले. “त्याशिवाय हा खेळ होत नाही.”

“सॉरी अंकल, इन्शुरन्स असतो.”

खांद्यावरची शाल सावरत काका गर्दीत मला शोधत आले. “दिपाली, तू सांग त्यांना. तू खेळली आहेस.”

साठ नव्या घरांची माणसं आजूबाजूला उभी होती. निमेश मोबाइलमध्ये वेळ बघत होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की थांबा, दहा मिनिटं थांबा, मी सांगते नियम. ते माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, “काका, आज असू दे ना. पुढच्या वर्षी नीट करू.”

 मला वाटलं, निदान जान्हवीचं तरी बघावं. मी त्या मुलीच्या कानात सांगितलं, तिला खेळू द्या, स्पेशल आहे. त्या मुलीने अतिशय गोड हसून माइकवर जाहीर केलं, “फ्रेंड्स, ही आपली स्पेशल दीदी! हिला कोणी कॅच नाही करायचं, ओके? क्लॅप फॉर दीदी!” सगळ्या पोडियमने टाळ्या वाजवल्या. जान्हवीनेही वाजवल्या.

राज्य ओजसवर होतं. मुलं पांगली. जान्हवी बूट घट्ट बांधून आलेली, पहिली दोन मिनिटं जीव तोडून पळाली. मग तिच्या लक्षात आलं की मागे कुणी नाही. ती थांबली. ओजस तिच्या अंगावरून वळून दुसऱ्याच्या मागे गेला. ती त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. तो वाकून हाताखालून निसटला. तिसऱ्या वेळी तिने त्याचा शर्ट धरला.

“पकड ना मला. पकड.”

“तुला नाही पकडायचं,” ओजस धापा टाकत म्हणाला, “तू लिंबूटिंबू आहेस. मम्मीने सांगितलंय.”

काका तीन पावलांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी पंपाच्या खोलीपाशी उकिडवं बसून बघितलं होतं तसं. फरक इतकाच की तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

शिट्टी झाली. रिटर्न गिफ्टची रांग लागली. जान्हवी काकांजवळ आली आणि त्यांच्या शालीचं टोक धरून म्हणाली, “बाबा, माझ्यावर राज्य आलंच नाही.”

“खेळ संपला, बाळा. चल.”

“पण माझ्यावर आलंच नाही.”

ते तिला घेऊन लिफ्टकडे गेले. नारळ खुर्चीवरच राहिला. खोकी दुसऱ्या दिवशी हाउसकीपिंगवाल्यांनी नेली. त्यांतल्या एकावर निळ्या रंगात बोटांचे ठसे होते.

मी माफी मागायला गेले तेव्हा काकांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाले नाहीत. मी बरंच काही बोलले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “तू वाईट नाहीस गं. तुम्ही कुणीच वाईट नाही. तेच तर.” या वर्षी निमेशने विचारलं, काका, तुमचा तो कॉर्नर ठेवायचा का? काका म्हणाले, नको. निमेशला हायसं वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. भाऊबीजेच्या रात्री मी उगाच तळघरात उतरून पंपाच्या खोलीचं दार बघून आले. कागद नव्हता.

सकाळी सातला खाली आले तर पोडियमवर जान्हवी एकटीच उभी होती. पायांत बूट. मला राहवलं नाही. अडतीस वर्षांची बाई मी, चपला काढल्या आणि तिला म्हटलं, “जान्हवी, चल. तुझ्यावर राज्य.” आणि लंगडी घालत पळाले.

ती आली मागे. तिचं पळणं आता जड झालंय, गुडघा धरतो. मी प्लॅस्टिकच्या गवतावरून एक फेरी मारली, दुसरी मारली. ती फार मागे राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तिसऱ्या फेरीला मी पाय जरासा, अगदी जरासा हळू टाकला.

तिचा हात माझ्या पाठीवर पडला. मी वळले, हसत होते. ती हसत नव्हती. बापाची नजर तिच्याकडे आली आहे हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

“मुद्दाम,” ती म्हणाली.

“नाही गं, खरंच...”

“मुद्दाम सापडलीस. बाहेर बस.”

तिने बोटाने कडेचा बाक दाखवला. मी चपला हातात घेतल्या आणि जाऊन बसले.